उस्मानियाची डी.लिट. आणि मराठवाड्याची पाटी

हिंगोलीतल्या एखाद्या जुन्या, शिकलेल्या घरातली कागदपत्रांची ट्रंक उघडली, तर तीन पिढ्यांच्या पदव्यांवर तीन वेगळ्या विद्यापीठांची नावं निघू शकतात. आजोबांच्या कागदावर हैदराबादचं उस्मानिया, वडिलांच्या कागदावर औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ आणि नातीच्या कागदावर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. घर तेच, गावाकडची कयाधू नदीही तीच. राज्य बदललं, जिल्हा बदलला आणि त्यांच्यामागून पदवीवरचा शिक्का बदलत गेला. हिंगोलीला स्वतःचा जिल्हा मिळाला तो तर १ मे १९९९ रोजी. तोवर ती परभणीतच मोडत होती.

या तिन्ही शिक्क्यांच्या इतिहासात एक पदवी पुन्हा पुन्हा समोर येते. ती बी.ए., एम.ए.सारखी घरोघरी सापडणारी नव्हे, आणि पीएच.डी.सुद्धा नव्हे. डॉक्टरेटच्याही वरची डॉक्टरेट: डी.लिट., डी.एस्सी., एलएल.डी.

१२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने हैदराबादेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना मानद डी.लिट. दिली. हिंगोली, कळमनुरी, वसमत तेव्हा हैदराबाद राज्यातच होती. म्हणजे हिंगोलीच्या मुलांचं जे विद्यापीठ, त्याच विद्यापीठाने बाबासाहेबांचा हा सन्मान केला. पंचवीस वर्षांनी याच मुलखात त्यांचं नाव विद्यापीठाच्या पाटीवर लावण्यावरून घरं जळाली. १९५३ चा तो समारंभ आणि १९७८ ची ती आग यांच्यामध्ये काय घडलं, हे समजायचं तर आधी ही पदवी मुळात मिळते कशी, ते पाहावं लागतं.

तिला दारं दोन. एका दारावर परीक्षक बसलेले असतात. उमेदवाराने प्रबंध किंवा आयुष्यभराचं प्रकाशित संशोधन पुढे ठेवायचं, तज्ज्ञांनी ते चाळणीतून काढायचं आणि पुरेसं वजन भरलं तर विद्यापीठाने पदवी द्यायची. ब्रिटनच्या जुन्या विद्यापीठांत हे दार पीएच.डी.नंतर बऱ्याच वर्षांनी, नाव कमावल्यावर ठोठावायचं असतं. दुसऱ्या दारावर परीक्षक नाहीत, तिथे मतदान आहे. विद्यापीठाच्या सभेने ठराव करायचा की अमुक व्यक्तीचं कर्तृत्व एवढं मोठं आहे, की तिची परीक्षा घेण्याची गरज नाही. दोन्ही दारांतून बाहेर पडणाऱ्याच्या नावामागे अक्षरं मात्र तीच लागतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरं दार फार जुनं. ज्ञात असलेली पहिली मानद पदवी ऑक्सफर्डने १४७० च्या दशकाच्या अखेरीस लायनेल वुडव्हिल नावाच्या तरुण धर्मोपदेशकाला दिली. हा राजा चौथ्या एडवर्डचा मेव्हणा, पुढे सॉल्झबरीचा बिशप झालेला. विद्यापीठाला त्याच्या विद्वत्तेची भुरळ पडली की राजाच्या नात्याची, हे वाचकाने आपलं आपण ठरवावं. सत्तेची सावली या पदवीवर पहिल्या दिवसापासूनच आहे, आज कुणाला डी.लिट. जाहीर झाली की भुवया उंचावतात त्यात नवं काही नाही.

हिंदुस्थानात मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठं १८५७ मध्ये निघाली ती परीक्षा घेण्यासाठीच. परीक्षेवाचून पदवी देण्याची सोय त्यांच्या कायद्यात नव्हती. १८७५ च्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्स आले, १८७६ मध्ये त्यांना कलकत्त्याने कायद्याची मानद डॉक्टरेट दिली. पुढे १८८४ च्या कायद्याने तिन्ही विद्यापीठांना हा अधिकार रीतसर मिळाला. राजपुत्रासाठी उघडलेल्या या दारातून यथावकाश खरे विद्वान आणि खरे सेवकही आत आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मुंबईची मानद एलएल.डी. १९०४ मध्ये मिळाली. त्याच्या एकोणीस वर्षं आधी जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने त्यांचा गौरव केला होता. दादाभाई नौरोजींना मुंबईने एलएल.डी. दिली ती १९१६ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. घरच्या विद्यापीठाला घरचा माणूस उशिरा दिसतो, ही खोड जुनीच म्हणायची.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांची यादी तर गमतीची आहे. गणिताचे पदवीधर, विधवांच्या शिक्षणासाठी हयात घालवलेला माणूस. बनारस हिंदू विद्यापीठाची डी.लिट. १९४२ मध्ये, पुण्याची १९५१ मध्ये, आपणच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची १९५४ मध्ये आणि मुंबईची एलएल.डी. १९५७ मध्ये, म्हणजे वयाच्या शंभरीला टेकताना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती. पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली ती १९५९ मध्ये, निधनाच्या जेमतेम महिनाभर आधी. या माणसांच्या कामाला कुठला परीक्षक गुण देणार होता? मानद पदवीचं खरं समर्थन अशा नावांत आहे.

पहिलं दार आपल्याकडच्या लोकांनी ठोठावलं ते परदेशात जाऊन. त्यातलं एक नाव हैदराबादशीच बांधलेलं आहे. अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, १८७० च्या दशकात एडिंबरोची डी.एस्सी. घेऊन आले. ही पदवी मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. निजामाच्या राजधानीत येऊन त्यांनी जे कॉलेज उभं केलं, तेच पुढे निजाम कॉलेज झालं. पण परीक्षकांच्या दाराची सगळ्यात नाट्यमय गोष्ट घडली ती लंडनमध्ये, १९२० ते १९२३ या काळात.

त्या गोष्टीचा नायक जुलै १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजची प्राध्यापकी सोडून पुन्हा बोटीत बसला. पुन्हा, कारण अर्धं शिक्षण टाकून १९१७ मध्ये तो एकदा लंडनहून परतला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं एम.ए. झालं होतं, पीएच.डी.चा प्रबंधही तयार होता, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास मात्र अर्धवट लटकलेला होता. मधल्या तीन वर्षांत आंबेडकरांनी पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले.

लंडनमधल्या त्या दिवसांचं वर्णन चरित्रकारांनी बारकाईने केलं आहे. सकाळी ग्रंथालय उघडण्याआधी दारात हजर, संध्याकाळी शिपायाने उठवेपर्यंत खुर्चीत. घरमालकिणीच्या खाणावळीत पोट भरेल इतकं मिळायचं नाही. रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. खोलीतला सोबती असनाडेकर झोपायला सांगायचा आणि हे पुस्तकावरून मान काढायचे नाहीत. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आज आपल्याला पीएच.डी. हीच सर्वोच्च पदवी वाटते, कारण ती नोकरीला लागते. पण १९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये पीएच.डी. म्हणजे कालचं पोर होतं. ती मूळची जर्मनीची. अमेरिकेने ती उचलली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, जर्मनीला जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे वळावेत या हिशेबाने ब्रिटिश विद्यापीठांनी ती घाईघाईने सुरू केली. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्याहून कितीतरी जुनी, १८६० पासूनची, आणि मानाने वरची. आंबेडकरांनी हात घातला तो या वरच्या फांदीला.

१९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. जून १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न.

नाव रुक्ष वाटलं तरी त्यात दारूगोळा ठासून भरला होता. १८९३ मध्ये सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली होती. त्यानंतर रुपया सोन्याला थेट न बांधता पौंडामार्फत बांधण्याची व्यवस्था हळूहळू उभी राहिली. जॉन मेनार्ड केन्ससारखा अर्थतज्ज्ञ १९१३ च्या आपल्या पुस्तकात त्या व्यवस्थेची बाजू घेऊन उभा होता. आंबेडकरांचं म्हणणं उलट. या व्यवस्थेत सरकारच्या हातावर लगाम राहत नाही. वाटेल तेवढे रुपये पाडता येतात, मग भाव चढतात आणि त्याचा मार रोजंदारीवर जगणाऱ्याला बसतो. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला भाववाढ म्हणजे काय, ते केन्सच्या पुस्तकावरून शिकायचं नव्हतं.

प्रबंध सादर करून ते जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यांना लंडनला बोलावून घेतलं. परीक्षकांना प्रबंध आहे त्या रूपात मान्य नव्हता. साम्राज्याच्या चलनधोरणावर एका हिंदी विद्यार्थ्याने चालवलेली तलवार त्यांना झोंबली, असं चरित्रकार सांगतात. पुन्हा लिहा, असं सांगण्यात आलं. खिशात लंडनला राहण्यापुरते पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले आणि इथे बसून त्यांनी प्रबंधाची भाषा सैल केली. निष्कर्ष मात्र होते तिथेच ठेवले. ऑगस्टमध्ये सुधारलेली प्रत बोटीने लंडनला गेली आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मंजूर झाली.

लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकाने तो प्रबंध लगेच पुस्तकरूपाने काढला. आंबेडकरांनी ते आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं. प्रस्तावना कॅनन यांची. त्यांना शिष्याची सगळी मतं पटली नव्हती आणि तसं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, पण मांडणीतल्या ताजेपणाला दादही दिली. प्रस्तावनेतच मतभेद नोंदवणारा गुरू आणि तो छापणारा शिष्य, अशी जोडी आजच्या प्रबंधांच्या गठ्ठ्यात शोधून पाहावी.

आणखी एक विरोधाभास. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती जून १९२७ मध्ये, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी नाही, असा तिथला नियम होता, आणि छपाईला पैसे हवे होते. म्हणजे कागदोपत्री वरची डॉक्टरेट आधी आली आणि खालची नंतर.

यानंतरची तीस वर्षं सर्वांना ठाऊक आहेत: महाड, नाशिक, गोलमेज, घटना समिती. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. घटनेचा शिल्पकार लोकसभेत पोचू शकला नाही. त्याच वर्षी ५ जूनला कोलंबियाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्कला बोलावून मानद एलएल.डी. दिली. सात महिन्यांनी उस्मानियाची डी.लिट. आली. त्यांच्या हयातीतल्या मानद डॉक्टरेट या दोन. ज्या मुंबई विद्यापीठातून ते बी.ए. झाले, त्याचं नाव या यादीत नाही.

मग उस्मानियालाच हे का सुचलं? त्या विद्यापीठाची तेव्हाची अवस्था पाहिली की उत्तराचा माग लागतो. सातव्या निजामाच्या फर्मानाने निघालेलं हे विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं. माध्यम उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो देशातला धाडसी प्रयोग होता, पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेसाठी ती भाषाही परकीच. हिंगोलीच्या मुलाला आधी उर्दू घोटायची आणि मग इतिहास किंवा रसायनशास्त्र. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष पेटला. शेकडो विद्यार्थी बाहेर काढले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडलं. पुढे रझाकारांचा काळ आला, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आलं, आणि उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं.

१९५३ मध्ये कुलगुरूपदावर भौतिकशास्त्रज्ञ सूरी भगवंतम होते. हैदराबादेत लोकनियुक्त सरकार येऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाच्या नावाचं विद्यापीठ प्रजासत्ताकाचं होऊ पाहत होतं. अशा वेळी त्या प्रजासत्ताकाची घटना लिहिणाऱ्याला सन्मानाने बोलावणं, यात विद्यापीठाने स्वतःचीही ओळख नव्याने सांगितली, असं म्हणायला जागा आहे. मानद पदवी देणारा नेहमी थोडी स्वतःलाही देत असतो. शिवाय या मुलखाशी आंबेडकरांचा संबंध जुना होता. १९३८ च्या डिसेंबरअखेर कन्नडजवळच्या मक्रणपूरला त्यांनी परिषद घेतली होती. १९४७ मध्ये संस्थानातल्या अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, असं त्यांनी जाहीर बजावलं होतं. आणि १९५० मध्ये औरंगाबादेत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजलं. ज्या काळी मराठवाड्यात कॉलेज शोधायला दिवा घ्यावा लागत होता, त्या काळी.

उस्मानियाच्या मराठी विभागात तेव्हा हिंगोली परिसरातलाच एक विद्वान शिकवत होता. डॉ. ना. गो. नांदापूरकर हे कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचे. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा त्यांचा ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांचा भाचा त्यांच्याच आधाराने हैदराबादला शिकायला गेला. हा भाचा म्हणजे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर.

मामा डॉक्टर, मराठीचे प्राध्यापक. भाचा इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास. अभ्यासक्रमाबाहेरचं सगळं वाचायचं आणि अभ्यासक्रमातलं तेवढं सोडायचं, अशी त्यांची तऱ्हा होती. १९५५ पासून नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षकी केली. पदव्या सावकाश, नोकरीच्या जोडीने पदरात पडल्या. १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, १९७७ मध्ये तिथेच प्राचार्य. ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘जागर’, ‘धार आणि काठ’ ही त्यांची पुस्तकं आणि रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला लिहिलेली प्रस्तावना यांवर मराठी वाचकांची एक पिढी पोसली. पण पीएच.डी. नाही आणि डी.लिट.ही नाही. ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांच्या नावाला कधी लागला नाही. हिंगोली-नांदेडकडे त्यांना ‘गुरुजी’ म्हणत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच हृदयविकाराचा झटका येऊन ते गेले. वय पन्नाशीच्या आतलं. पहिल्या दारातून जाण्याची तसदी त्यांनी घेतली नाही आणि दुसरं दार त्यांच्यासाठी उघडण्याएवढा वेळ विद्यापीठांना मिळाला नाही. तशी उघडली जातात ती दारं बहुधा सत्तरीनंतरच.

कुरुंदकरांच्या तरुणपणीच विद्यापीठाचा शिक्का बदलला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. कॉलेजं वाढली. हिंगोलीत आदर्श महाविद्यालय, वसमतला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्याचं नाव घेतलेलं बहिर्जी स्मारक महाविद्यालय. हैदराबादची रेल्वे पकडल्याशिवाय पदवी नाही, हे दिवस गेले.

आणि मग २७ जुलै १९७८ उजाडला. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार येऊन दहाच दिवस झाले होते. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ठरावाची शाई वाळण्याआधी मराठवाडा पेटला. औरंगाबाद शहरात सुरू झालेला विरोध खेड्यांत पोचला तेव्हा त्याचं रूप पार बदललं. तिथे विद्यापीठ, पदवी, अस्मिता हे शब्द मागे पडले आणि दलितवस्त्या जळू लागल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना, म्हणजे तेव्हाच्या परभणीत येणाऱ्या हिंगोलीच्या मुलखालाही, याची झळ मोठी लागली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आलं. ज्यांनी कधी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं, त्यांनी विद्यापीठाच्या नावाची किंमत मोजली.

ठराव गुंडाळून ठेवला गेला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. मोर्चे, सत्याग्रह, अटका यांत दीड दशक गेलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. शब्द मुद्दाम निवडलेला होता: नाव बदललं नाही, वाढवलं. ‘मराठवाडा’ राहिला आणि त्याच्या आधी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आलं. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच.

ज्यांना १९५३ मध्ये याच भागाच्या तेव्हाच्या विद्यापीठाने डी.लिट. दिली, त्यांचं नाव पाटीवर यायला ठरावानंतरही जवळपास सोळा वर्षं का लागली? पदवी दिली की माणूस समारंभ आटोपून निघून जातो. नाव मात्र रोज दारात उभं असतं. प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक गुणपत्रिकेवर, ज्या घराला ते नको असतं त्याच्याही मुलाच्या प्रमाणपत्रावर. उस्मानियाला १९५३ मध्ये गावगाड्यातल्या कुणाला विचारावं लागलं नाही. १९७८ मध्ये प्रश्न गावगाड्याच्याच दारात गेला होता.

हिंगोलीच्या बाबतीत त्यानंतर एक वेगळंच वळण आलं. त्याच १९९४ मध्ये, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाडा विद्यापीठाचं विभाजन होऊन नांदेडला नवं विद्यापीठ निघालं. नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे हिंगोली असे जिल्हे त्याच्याकडे गेले. म्हणजे ज्या नावासाठी या भागाने इतकं भोगलं, ते नाव हिंगोलीच्या मुलांच्या पदवीवर जेमतेम आठ महिने राहिलं.

आज महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठात मानद डी.लिट. द्यायची तर वाट ठरलेली आहे. कुलगुरूंनी आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची संमती मिळवायची. मग व्यवस्थापन परिषदेने शिफारस करायची. ती अधिसभेपुढे जायची आणि हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हायची. कायद्यातला निकष थोर स्थान, कर्तृत्व आणि लोकसेवा एवढाच. परीक्षा नको, मूल्यमापन नको. प्रबंध किंवा ग्रंथांवरची डी.लिट.ही आहेच. त्यासाठी सहसा आधी पीएच.डी. लागते, नंतरचं स्वतंत्र संशोधन लागतं आणि ते बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला जातं. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्यांनी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. आणि डी.लिट. मिळवली. पण हा रस्ता लांब आणि ओसाड. नोकरीत त्याने पगार वाढत नाही, मग कोण चालणार? मानद पदवी मिळालेल्याने नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा जगभरचा शिष्टाचार आहे. आपल्या चौकाचौकातल्या फ्लेक्सना तो अजून कळलेला नाही. आणि ज्यांना कुठलंच विद्यापीठ बोलावत नाही, त्यांच्यासाठी हॉटेलच्या सभागृहात शुल्क भरून ‘डॉक्टरेट’ देणाऱ्या संस्थाही आहेत. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागतं.

औरंगाबादच्या विद्यापीठाने १९ नोव्हेंबर २०२२ च्या दीक्षान्त समारंभात दोन मानद डी.लिट. दिल्या. एक नितीन गडकरींना, दुसरी शरद पवारांना. १९७८ च्या ठरावावेळी आणि १९९४ च्या नामविस्तारावेळी मुख्यमंत्री असलेल्या माणसाच्या हातात चव्वेचाळीस वर्षांनी जो कागद पडला, त्यावर वर तेच नाव छापलेलं होतं. त्या नावाआधीचं ‘डॉ.’ परीक्षकांनी एकदा परत पाठवून मग मंजूर केलेलं होतं, आणि खालची डी.लिट. सभेने मंजूर केलेली.

समारंभाचे अध्यक्ष राज्यपाल भगतसिंह कोश्यारी. भाषणात ते आदर्शांविषयी बोलले आणि शिवाजी महाराज हे जुन्या काळचे आदर्श झाले, आजचे आदर्श इथेच आंबेडकरांपासून गडकरींपर्यंत मिळतील, अशा अर्थाचं बोलून गेले. संध्याकाळपर्यंत राज्यभर निषेध सुरू झाला. १७ डिसेंबरला मुंबईत महाविकास आघाडीचा महामोर्चा निघाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये कोश्यारींनी राजभवन सोडलं. दोन डी.लिट. पदव्यांची बातमी तोवर केव्हाच आतल्या पानावर गेली होती.